रोबोटिक्समध्ये संशोधन करायचंय? सुरुवात मोटरपासून करा

दरवर्षी गेटचा, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. कुणी मेकॅनिकलचं, कुणी ईएनटीसीचं, कुणी कॉम्प्युटरचं. प्रश्न साधारण एकच: "ताई, रोबोटिक्समध्ये रिसर्च करायचाय. आधी काय शिकू? एआयच शिकू ना?" हे फोनवर पाच मिनिटांत सांगून होण्यासारखं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. मी डिप्लोमा, मग मेकॅनिकलची डिग्री, मग एम.टेक. आणि पीएच.डी. अशा वाटेने आले. माझं काम ग्रिपरवर, म्हणजे रोबोटच्या पकडीवर आहे. वस्तू उचलायची, निसटू द्यायची नाही आणि चेंगरायचीही नाही. माझं मत त्या बाजूला झुकलेलं आहे, हे धरूनच पुढचं वाचा.

एआय शिकाच. पण त्याआधी एक मोटर, एक गिअरबॉक्स आणि एक एन्कोडर (मोटर किती फिरली ते मोजणारा सेन्सर) हातात घ्या आणि ते काय करतात ते स्वतः मोजा. या क्षेत्रातले अवघड प्रश्न जिथे यंत्र जगाला टेकतं तिथे बसलेले आहेत: बोट वस्तूला लागतं तिथे, पाऊल जमिनीला लागतं तिथे. 1997 साली डीप ब्लू या कॉम्प्युटरने जगज्जेत्या कास्पारोव्हला बुद्धिबळात हरवलं, तेव्हा पटावरची मोहरी हलवायला त्याच्या वतीने माणूस बसला होता. 2016 साली सोलमध्ये अल्फागो हा प्रोग्राम गो या पटावरच्या खेळात जिंकला, तेव्हाही दगड पटावर माणसानेच ठेवले. डोकं केव्हाच पुढे गेलं होतं, हात मागे राहिला होता. आजही बराच मागे आहे, आणि तुमच्यासाठी काम शिल्लक आहे ते तिथेच.

एक हिशोब करून बघा. स्टीलचा पाण्याने भरलेला पेला, एकूण वजन अर्धा किलो. म्हणजे साधारण 5 न्यूटन. दोन बोटांच्या ग्रिपरने तो बाजूंनी धरला आणि रबर व स्टीलमधला घर्षणांक (पृष्ठभाग एकमेकांना किती धरतात त्याचं माप) 0.5 असला, तर प्रत्येक बोटाने निदान 5 न्यूटन दाब द्यावा लागतो. आता पेला बाहेरून ओला झाला आणि घर्षणांक 0.1 वर आला, तर तोच दाब 25 न्यूटन लागतो. स्टीलच्या पेल्याला 25 न्यूटनचं काहीच वाटत नाही, टपरीवरच्या कागदी चहाच्या कपाचा मात्र चुराडा होतो. कॅमेऱ्याला दोन्ही वस्तू स्पष्ट दिसतात, पण घर्षणांक दिसत नाही. तो कळतो वस्तू निसटायला लागल्यावर, आणि तेव्हा हातात अगदी थोडा वेळ उरलेला असतो. माणूस हे बोटांच्या कातडीने सांभाळतो आणि त्याला ते करतोय हेही जाणवत नाही. रोबोटला हे कसं द्यायचं, यावर माझ्यासारख्या कित्येकांचं आयुष्य चाललंय, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे.

आता मोटरकडे येते, कारण नवीन मुलं नेमकं हेच टाळतात. इलेक्ट्रिक मोटर वेगाने फिरते पण तिचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, कमी असतो, म्हणून आपण गिअर लावतो. 100:1 चा गिअर लावला की टॉर्क जवळपास शंभरपट होतो, हे डिप्लोमाच्या पोरालाही ठाऊक असतं. पण त्याच वेळी मोटरच्या रोटरचं जडत्व बाहेरून गिअर रेशोच्या वर्गाने, म्हणजे 10,000 पट जाणवतं. चाकणच्या कारखान्यात वेल्डिंग करणारा रोबोटचा हात इतका ताठ असतो त्याचं मोठं कारण हे. त्याला ढकललं तर तो हलत नाही, आणि तो कशाला धडकला तर ते त्याला सहज समजतही नाही. म्हणून त्याच्याभोवती जाळी लावतात. ठरलेल्या जागी ठरलेलं काम करायला हा ताठपणा उत्तम आहे. दगडावर पाऊल टाकायला किंवा टोमॅटो उचलायला तो घातक आहे.

चार पायांच्या रोबोटांनी गेल्या दहा-बारा वर्षांत जी झेप घेतली, तिच्या मुळाशी या वर्गाच्या हिशोबाचा मोठा वाटा आहे. एमआयटीच्या मिनी चीता या साधारण 9 किलोच्या रोबोटात 12 मोटरी आहेत आणि प्रत्येकीला फक्त 6:1 चा गिअर आहे. म्हणजे जडत्व 36 पट, 10,000 पट नव्हे. मोटर मोठ्या व्यासाची, चपटी, जास्त टॉर्कची घेतली आणि गिअर कमी केला. पाय जमिनीला लागला की तो धक्का मोटरपर्यंत उलटा पोहोचतो आणि नुसता करंट बघूनही पायावर किती जोर आला त्याचा अंदाज येतो. 2019 साली या रोबोटाने मागे कोलांटी मारली ती याच जोरावर. सगळ्यांनी व्हिडिओ बघितला, गिअर रेशो फार थोड्यांनी बघितला.

याआधी काय स्थिती होती ते आठवायला 2015 ची डार्पा (अमेरिकेच्या संरक्षण खात्याची संशोधन संस्था) रोबोटिक्स चॅलेंज पुरेशी आहे. फुकुशिमाच्या अणुभट्टीच्या दुर्घटनेनंतर, माणूस जाऊ शकत नाही तिथे रोबोट पाठवता यावा, या हेतूने ती स्पर्धा आखली होती. कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथे अंतिम फेरी झाली. गाडी चालवणं, दार उघडणं, व्हॉल्व्ह फिरवणं, भिंतीला भोक पाडणं, जिना चढणं अशी आठ कामं आणि वेळ एक तास. भल्याभल्या संस्थांचे रोबोट दारात, वाळूत, पायऱ्यांवर आडवे झाले. जिंकला दक्षिण कोरियाच्या काइस्ट या संस्थेचा हुबो. त्याने आठही कामं 44 मिनिटं 28 सेकंदांत संपवली. त्याच्या गुडघ्यांपाशी आणि पायांत चाकं होती. चालायची गरज नसेल तिथे तो गुडघे टेकून घरंगळत जायचा. तुम्ही या क्षेत्रात येणार असाल तर हुबोच्या त्या गुडघ्यांचा जरूर अभ्यास करा. कुठली अडचण सोडवायची आणि कुठली टाळायची, हे त्या टीमने फार स्वच्छ ठरवलं होतं.

मग आलं सिम्युलेशनमध्ये शिकवणं. कॉम्प्युटरमध्ये हजारो आभासी रोबोट एकाच वेळी पडतात, उठतात, चालतात, आणि शिकलेलं कौशल्य खऱ्या रोबोटात उतरवतात. ऐकायला सोपं वाटतं. पण उतरवताना ते मोडतं, कारण सिम्युलेशनमधली मोटर आदर्श असते आणि खरी मोटर आळशी असते. तिला आज्ञा उशिरा पोहोचते, ती गरम होते, गिअरमध्ये प्ले, म्हणजे दात्यांमधला सैलपणा, असतो. 2019 साली झ्युरिकच्या ईटीएच संस्थेतल्या गटाने एनिमल या चार पायांच्या रोबोटवर जे केलं, ते मला आजही या विषयातलं सर्वात शिकवणारं काम वाटतं. त्यांनी खऱ्या मोटरींची नोंद घेतली: आज्ञा काय दिली आणि प्रत्यक्षात टॉर्क किती निघाला. त्या नोंदींवरून एक न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्राम) तयार केलं आणि ते सिम्युलेशनमध्ये मोटरच्या जागी बसवलं. मग शिकवलेलं चालणं खऱ्या रोबोटात उतरलं आणि तो सेकंदाला 1.5 मीटर वेगाने धावला, त्याच्या आधीच्या वेगापेक्षा जास्त. एआय त्यात आहेच, पण ज्याने मोटर नीट मोजली त्याच्याच हाती ते लागलं. पुढच्या वर्षी हाच रोबोट कॅमेरा न वापरता, केवळ पायांच्या जाणिवेवर चिखलातून आणि बर्फातून चालला. 2021 साली डार्पाची भुयारांची स्पर्धा जिंकणाऱ्या टीमकडेही हेच रोबोट होते.

पायांचं इतकं जमलं, हातांचं अजून जमलेलं नाही. पायाला जमीन एका बाजूने लागते, हाताला मात्र वस्तू चारी बाजूंनी लागते आणि प्रत्येक वस्तू वेगळी असते. 2015 साली ॲमेझॉनने कपाटातून वस्तू उचलण्याची स्पर्धा घेतली, ती बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठाच्या टीमने जिंकली. त्यांच्या हाताला बोटं नव्हतीच, व्हॅक्यूम क्लीनरच्या जोरावर चालणारा सक्शन कप होता. हुबोच्या गुडघ्यांसारखंच हे. गोदामांत आजही सक्शनचं राज्य आहे. पण सक्शनने वाटाणे सोलता येत नाहीत की शर्टाचं बटण लावता येत नाही. त्यासाठी स्पर्श हवा. एमआयटीतून आलेला जेलसाइट हा सेन्सर मला म्हणूनच फार आवडतो. मऊ जेलचा एक तुकडा आणि त्याच्या मागे बारीक कॅमेरा. वस्तू टेकली की जेल दबतं आणि कॅमेऱ्याला तो ठसा दिसतो. वस्तू सरकायला लागली की ठशाच्या कडा आधी हलतात. आमच्या लॅबमध्ये स्क्रूचे आटे त्या जेलवर उमटलेले पहिल्यांदा स्क्रीनवर बघितले तेव्हा मी कितीतरी वेळ तोच स्क्रू पुन्हा पुन्हा दाबत बसले होते. अडचण अशी की जेल झिजतं, फाटतं. हजारो वेळा पकड करूनही टिकणारी कातडी, हा प्रश्न अजून खुला आहे आणि पॉलिमरवाल्यांची इथे नितांत गरज आहे.

दुसरा खुला प्रश्न डेटाचा. भाषेच्या मॉडेलांना इंटरनेटवरचा मजकूर आयता मिळाला. रोबोटच्या हालचालींचा असा आयता साठा कुठेच नाही, तो एकेक करून गोळा करावा लागतो. 2023 साली जगभरातल्या 21 संस्थांनी 22 प्रकारच्या रोबोटांच्या दहा लाखांहून अधिक हालचाली एकत्र करून खुल्या केल्या. मोठं काम आहे, तरी मजकुराच्या मानाने तो थेंबच. नवख्यांच्या दृष्टीने चांगली गोष्ट ही की आता एसओ-100 सारखे छोटे हात थ्रीडी प्रिंट करून आणि सहा सर्वो मोटरी (सांगितलेल्या कोनात वळून थांबणाऱ्या) लावून घरी बनवता येतात, त्यांचं डिझाइन खुलं आहे. चौघांनी वर्गणी काढली तर परवडतं.

आपल्याकडच्या वाटा थोडक्यात. कॉलेजात असाल तर रोबोकॉनच्या टीममध्ये शिरा. आशिया-पॅसिफिकची ही स्पर्धा 2008 साली पुण्यात झाली तेव्हा तिचा विषयच दहीहंडीवर बेतलेला होता. आयआयटी मुंबईचा ई-यंत्र उपक्रम तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलांसाठीही तितकाच उघडा आहे. आधी सिम्युलेशनवर काम, मग निवडलेल्या टीमना खरं किट. पुढे गेटवरून एम.टेक., नाहीतर आयआयआयटी हैदराबादसारख्या ठिकाणी रिसर्चची एम.एस. बेंगळुरूच्या आयआयएससीमध्ये स्टॉक नावाचे चार पायांचे रोबोट बनले, त्यावरचे पेपर वाचा. पुण्याजवळ दिघीला डीआरडीओच्या प्रयोगशाळेने बॉम्ब निकामी करणारा दक्ष बनवला. केरळच्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी मॅनहोलमध्ये माणसाला उतरावं लागू नये म्हणून बँडिकूट बनवला. हा शेवटचा मला सगळ्यांत जवळचा वाटतो. गटारात उतरून माणसं मरतात त्या देशात रोबोटिक्सने आधी तिकडे बघायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पैशाचंही सांगते, कारण घरचे विचारतातच. 2023 पासून जेआरएफ या पीएच.डी.च्या फेलोशिपवर महिन्याला 37,000 रुपये आणि घरभाडं मिळतं. त्यात भागतं, शिल्लक फार पडत नाही. सॉफ्टवेअरमध्ये गेलेला बॅचमेट फ्लॅट घेतो तेव्हा वाईट वाटतं, हे मनाशी धरून या.

सर्वात जास्त मनस्ताप देते ती खरेदी. परदेशी मोटर ड्रायव्हर जळला, की कोटेशनं, कमिटीची सही, मग कस्टम्स, यात महिने जातात आणि पेपरची डेडलाइन थांबत नाही. म्हणून संशोधनाचा प्रश्न असा निवडा, की एक पार्ट अडला तरी अर्धं काम चालू राहील. प्रत्येक महत्त्वाच्या पार्टचा एक जादा नग पहिल्याच ऑर्डरमध्ये मागवा. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला इलेक्ट्रॉनिक्सचं काय मिळतं ते फिरून माहीत करून घ्या, आणि भोसरीतल्या एखाद्या मशिनिंगवाल्याशी ओळख ठेवा. चांगला टर्नर तुमच्या ड्रॉइंगमधली चूक बघताक्षणी सांगतो.

प्ले मोजायला तर आजच शिका. गिअरबॉक्सचा आतला शाफ्ट पक्का धरायचा, बाहेरच्या शाफ्टला अर्धा मीटर लांबीची पट्टी लावायची आणि टोकाला डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजणारं घड्याळासारखं उपकरण. हाताने हळूच इकडून तिकडे हलवा. गिअरमध्ये एक अंश प्ले असेल तर टोक जवळजवळ 9 मिलिमीटर हलतं. टोकाला सुई ओवायची असेल तर 9 मिलिमीटर म्हणजे किती, ते वेगळं सांगायला नको. स्वस्त सर्वो आणि महागडी हार्मोनिक ड्राइव्ह (जवळजवळ प्ले नसलेली गिअरची रचना) यांच्या किमतीतला फरक त्या गेजवर दिसतो.

लॅब निवडताना पेपरांची यादी बघाच, पण प्रत्यक्ष जाऊन या. तिथला रोबोट आत्ता चालू करून दाखवता का, असं विचारा. तो बिघडला तर कोण दुरुस्त करतं, हे गाईडला नको, तिथल्या पीएच.डी.च्या मुलांना विचारा. उत्तर देताना ती एकमेकांकडे बघायला लागली तर दुसरी लॅब शोधा. सीनिअर मोकळेपणाने शिकवतात का, हे चहाला सोबत गेलं की कळतं.

आणि मेल पाठवताना "आय ॲम पॅशनेट अबाउट रोबोटिक्स" असली ओळ नको, अशा मेलचा ढीग असतो. तुम्ही बनवलेल्या कुठल्याही गोष्टीचा दोन मिनिटांचा व्हिडिओ जोडा, साधी लाइन फॉलो करणारी गाडी असली तरी चालेल. व्हिडिओ कापू नका. गाडी वळणावर बाहेर गेली तर ते तसंच राहू द्या, खाली मोजलेले आकडे द्या आणि ती का गेली असं तुम्हाला वाटतं ते चार ओळींत लिहा. आमच्याकडे येणाऱ्या अर्जांत मी त्या चार ओळी आधी वाचते, मार्क नंतर बघते.