कापसाच्या मुलखात ‘द क्वेस्ट ऑफ द सिल्व्हर फ्लीस’ कशी वाचावी

अमेरिकेतील गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली. त्यानंतरही उरलेल्या वांशिक आणि आर्थिक विषमतेची गोष्ट डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंताने १९११ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत सांगितली आहे, आणि ती कापसाच्या आधाराने सांगितलेली असल्यामुळे चोपडा, अमळनेर, पारोळ्याकडच्या वाचक मंडळांनी ती आवर्जून हाती घ्यावी. पुस्तक प्रताधिकारमुक्त असून मूळ इंग्रजी प्रत प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते.

वाचनापूर्वी दोन गोष्टी माहीत करून घ्याव्यात. १८७७ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने दक्षिणेतील राज्यांत कृष्णवर्णीयांच्या हक्कांना असलेला सैन्याचा पाठिंबा काढून घेतला, आणि १९०१ च्या राज्यघटनेने कादंबरी जिथे घडते त्या अलाबामा राज्यातील बहुसंख्य कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावला. मुक्त झालेल्यांना जमीन मात्र मिळालीच नव्हती; त्यामुळे जुन्याच मालकांच्या शेतात बटाईने राबणे, पेरणीच्या वेळी उचल घेणे आणि पीक आले की ते त्या उचलीपोटी देऊन टाकणे, हा क्रम वर्षानुवर्षे चालला. सालदारी आणि सावकारी पाहिलेल्या खानदेशी वाचकाला हे फारसे समजावून सांगावे लागणार नाही. अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंडहून आलेल्या मेरी टेलर या शिक्षिकेला ब्लेस अल्विन हा कृष्णवर्णीय तरुण कापसाची ओळख करून देतो, ती पाने आपल्याकडे हसत हसतच वाचली जातील.

वाचताना जवळ एक वही ठेवावी आणि तिच्यात चार रकाने आखावेत: जमीन कोणाची, वजन कोणी केले, भाव कोणी ठरवला, खाते कोणी लिहिले. दलदलीत वाढलेली नायिका झोरा आणि ब्लेस ती दलदल साफ करून उत्कृष्ट कापूस पिकवतात आणि तो कापूस क्रेसवेल या जमीनदार घराण्याकडे जातो, ते प्रकरण सावकाश, शक्यतो मोठ्याने वाचावे. मालक शांतपणे आकडे मांडत जातो, मागची येणी वळती करतो, आणि एवढा माल देऊनही झोराच्याच नावावर बाकी निघते. चारही रकान्यांत एकच नाव येते, हे वहीत लिहिल्यावर जितके लख्ख दिसते तितके नुसत्या वाचनात दिसत नाही.

त्यानंतर कापसाचा माग उत्तरेपर्यंत काढावा. मेरीचा भाऊ जॉन टेलर कापसाचा बाजार मुठीत घेण्याचे डाव रचतो, तेथे आपला इतिहास जोडून पाहावा: १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात तिकडचा कापूस अडला, म्हणून इकडच्या कापसाला विलक्षण भाव आला आणि युद्ध संपताच तो कोसळला. वॉशिंग्टनमधील राजकारणाचा भाग माझ्या मते रेंगाळतो; तो भरभर वाचला तरी चालेल, मात्र सरकारी पद आणि स्वाभिमान यांत ब्लेसला करावी लागणारी निवड वगळू नये.

झोराची भाषा सुरुवातीला बोलीतली आहे आणि शिक्षणाबरोबर बदलत जाते. गटात एखाद्याने तिच्या आरंभीच्या संवादांचा आशय अहिराणीत सांगितला, तर हा बदल इंग्रजीत न रमणाऱ्यांच्याही लक्षात येईल.

जातीशी तुलना होणारच. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामी नष्ट करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली होती, आणि १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी खुद्द ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते. तेव्हा ही तुलना उपरी नाही. तरीही साम्यांइतकेच भेद नोंदवावेत, कारण वर्णरेषा म्हणजे गोऱ्या-काळ्यांना वेगळे ठेवणारी सीमा, झुंडबळींची दहशत आणि कायद्याने काढून घेतलेले मत यांचा तपशील त्या भूमीचा आहे आणि आपल्या अनुभवाने तो झाकला जाऊ नये.

शेवटच्या बैठकीला सालदारी केलेल्या एखाद्या ज्येष्ठाला बोलवावे, आधी संपूर्ण कथानक ऐकवावे, आणि मग झोराच्या हिशेबाचे पान पुन्हा वाचून कोणती वजावट त्यांना ओळखीची वाटते ते विचारावे.