गंजून जाम झालेला नट-बोल्ट न तोडता कसा सोडवायचा

समजा, जुन्या १०० सीसी गाडीचा, म्हणजे सीडी १०० किंवा स्प्लेंडरचा, सायलेन्सर उतरवायचा आहे. हेडला, म्हणजे इंजिनच्या वरच्या अॅल्युमिनियमच्या भागाला, तो ६ मिलिमीटरच्या दोन स्टडांवर (डोकं नसलेल्या, आटे पाडलेल्या सळयांवर) बसतो आणि वर १० च्या पान्याचे नट असतात. गाडी कोकणातल्या खाऱ्या हवेत दहा-बारा पावसाळे उभी असेल तर नट कुठे संपला आणि स्टड कुठे सुरू झाला हेही दिसत नाही. अशा नटाला पाना लावून हिसका दिला की तो सुटत नाही, स्टडच हेडच्या तोंडाशी तुटतो. एवढ्या बारीक स्टडला फार जोर लागतही नाही. फूटभर दांड्याच्या टोकाला पाच-सहा किलोचा भार आला तरी तो जातो. त्यानंतर हेड उतरवून लेथवाल्याकडे नेण्याशिवाय फारसं काही उरत नाही.

आधी नेमकं काय जाम आहे ते ओळखा. लोखंडी स्टडवर लोखंडी नट असेल तर आट्यांमध्ये तांबडा गंज फुगलेला असतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो आटे आतून आवळतो. स्टड अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये बसलेला असेल तर तिथे खार आणि ओल यांमुळे पांढरी भुकटी तयार होते, आणि ही पकड तांबड्या गंजापेक्षा चिवट असते. आट्यांची दिशाही बघून घ्या. यामाहाच्या गाड्यांचा उजवा आरसा उलट्या आट्यांचा असतो; त्याला नेहमीच्या दिशेने सोडवायला गेलात तर तो आणखी आवळला जातो.

तारेच्या ब्रशने नट आणि स्टडचं बाहेर आलेलं टोक घासून आटे उघडे करा. हा भाग बहुतेक जण गाळतात, पण टोकावरच्या त्याच गंजलेल्या आट्यांवरून नटाला बाहेर यायचं असतं. मग भेदक तेल मारा: डब्ल्यूडी-४०, किंवा डिझेलमध्ये थोडं इंजिन ऑइल. तेल मारल्यावर २००-३०० ग्रॅमच्या हातोड्याने नटाच्या कडांवर वीस-तीस हलके ठोके द्या. ठोक्यांनी गंजाला बारीक तडे जातात आणि तेल त्यातून आत उतरतं. हे संध्याकाळी करा, झोपण्याआधी एकदा आणि सकाळी एकदा पुन्हा. दहा मिनिटं तेल मारून लगेच पाना लावणं म्हणजे तेल वाया घालवणं.

पाना लावताना सहाकोनी गोटी (सॉकेट) किंवा रिंग पानाच घ्या. बाराकोनी गोटी फक्त कोपऱ्यांवर टेकते आणि गंजलेला कोपरा लगेच गोल होतो. फिक्स (उघड्या तोंडाचा) पाना इथे नकोच. नट गंजून झिजला असेल तर १० ची गोटी सैल बसते. त्याच्यापेक्षा किंचित लहान इंची गोटी हातोडीने ठोकून बसवता येते.

आता हाताकडे लक्ष द्या. नट आणि स्टडचं टोक यांवरून आडवी एक खडूची रेघ मारा. पाना हलला आणि रेघ तुटली, तर नट फिरतोय. पाना हलतोय, रेघ अखंड आहे आणि हाताला रबर ओढल्यासारखं लागतंय, तर स्टड पिळतोय. तिथेच थांबा. नट थोडा सरकला की लगेच पुढे काढू नका: एक अष्टमांश फेरा सोडवा, तेल द्या, परत आवळा, पुन्हा थोडा सोडवा. सुटताना "कूं" असा करकर आवाज येणं चांगलं. आवाज थांबून नट अचानक हलका झाला तर स्टड जवळजवळ गेलेला असतो.

एवढं करूनही हलत नसेल तर उष्णता द्या. बाहेरचा भाग तापवायचा, आतला नाही. नट जाम असेल तर नट तापवा. स्टड हेडमध्ये जाम असेल तर हेडचं अॅल्युमिनियम तापवा. ते लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून भोक सैल होतं. छोटा गॅसचा टॉर्च पुरतो. पाण्याचा थेंब टाकला की चर्र होऊन उडाला पाहिजे, एवढं तापलं की बस. अॅल्युमिनियम लाल होऊन इशारा देत नाही, ते सरळ वितळू लागतं. गरम नटाला मेणबत्ती टेकवली की मेण आट्यांमध्ये खेचलं जातं आणि वंगणाचं काम करतं. टॉर्च पेटवण्याआधी पेट्रोल टाकी काढून लांब ठेवा, कार्बोरेटर रिकामा करा, बॅटरी सोडवा. तापलेल्या भागावर डब्ल्यूडी-४० मारू नका. तो पेट घेतो.

नटाचे कोपरे गेलेच असतील तर स्टड वाचवा, नट बळी द्या. हॅकसॉच्या पात्याने किंवा छोट्या ग्राइंडरने नट स्टडच्या समांतर उभा कापा, आट्यांना पातं लागायच्या अर्धा मिलिमीटर आधी थांबा. मग त्या खाचेत छिन्नी ठेवून पिळा; नट फाटतो. दहा रुपयांचा नट गेला तर काही बिघडत नाही.

आरएक्स १०० सारख्या गाड्यांच्या इंजिन कव्हरचे चौफुली स्क्रू जपानी मापाचे असतात. नेहमीचा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, घसरून खाच खातो. जेआयएस (जपानी मापाचं) टोक लावलेला इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या, सोडवायच्या दिशेने ठेवा, वर किलोभर वजनाच्या हातोड्याने एक ठाम घाव. घाव बसताना तो स्वतःच फिरतो.

स्टड तुटून दोन-तीन मिलिमीटर बाहेर उरला असेल तर वर एम ८ चा (८ मिलिमीटरचा) नट ठेवून आतून वेल्डिंग करून घ्या. वेल्डिंगच्या उष्णतेनेच अर्धं काम होतं. निवल्यावर पान्याने हळू काढा. वेल्डिंगआधी बॅटरी आणि सीडीआयची (प्लगची ठिणगी सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीची) जोडणी काढा. सपाट तुटला असेल तर कानसीने माथा सरळ करा, सेंटर पंचने अगदी मध्यावर खूण करा, २.५ मग ४ मग ५ मिलिमीटरचं ड्रिल, आणि शेवटी एम ६ × १ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार). मधोमध गेलं तर उरलेली आट्यांची साल टॅपने निघून येते. बाजूला गेलं तर हेलिकॉइल, म्हणजे भोकात बसवायचे तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे. ६ मिलिमीटरच्या स्टडमध्ये ईझी-आउट (तुटलेला स्टड काढायचं उलट्या आट्यांचं कडक हत्यार) घालू नका. तो तुटला तर त्याच्यावर साधं ड्रिल चालत नाही.

तुरटीचं गरम पाणी लोखंड विरघळवतं आणि अॅल्युमिनियमला फारसं लागत नाही, म्हणून सुट्या कव्हरमध्ये तुटलेला स्क्रू असेल तर एक-दोन दिवस तो त्यात ठेवता येतो. हेडवर मात्र हा उपाय नको. त्यातले व्हॉल्व्ह सीट आणि गाइडही लोखंडाचे असतात.

परत बसवताना आटे साफ करा, कॉपर ग्रीसचा पातळ लेप द्या, शक्य तर पितळी नट लावा. ग्रीस असल्यामुळे जोर कमी करायचा: ६ मिलिमीटरला ८ न्यूटन-मीटर पुरेत. दर पावसाळ्याआधी नट अर्धा फेरा सोडवून परत आवळा.