आकाशदर्शनाला जाताय? मग टॉर्चला लाल कागद लावा
मुंबईजवळच्या वांगणीला किंवा कुठेही खगोलप्रेमींच्या क्लबच्या रात्रभराच्या आकाशदर्शनाला पहिल्यांदा जाणार असाल तर दुर्बीण वगैरे काही घेऊ नका, ती तिथे असतेच, पण टॉर्चला लाल जिलेटीन पेपर नक्की लावून न्या. स्टेशनरीच्या दुकानात मिळतो, दोन-तीन घड्या करून काचेवर ठेवायचा आणि वरून रबरबँड, झालं काम.

कारण असं की अंधाराला डोळे नीट सरावायला २०-३० मिनिटं लागतात आणि कुणी पांढरा टॉर्च मारला किंवा मोबाईल उघडला की ते सगळं क्षणात जातं, परत पहिल्यापासून सुरू, आणि फक्त तुमचंच नाही, आजूबाजूला रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांचं. मंद लाल उजेडाने तेवढा फरक पडत नाही, कारण अंधारात बघणाऱ्या पेशींना लाल रंग जवळपास जाणवतच नाही. ब्राइटनेस कमी केलेला मोबाईलसुद्धा त्रासच देतो, त्यामुळे तो खिशातच बरा. गाडीने जात असाल तर हेडलाइट मैदानाकडे येतील अशी लावू नका प्लीज.

डोळे सरावले की डिसेंबरात संध्याकाळी देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह) शोधा, नुसत्या डोळ्यांनी पुसट धुरकट ठिपका दिसतो, थेट रोखून न बघता किंचित बाजूला नजर ठेवा म्हणजे जास्त ठळक वाटेल. तो उजेड साधारण २५ लाख वर्षांपूर्वी निघालाय!

आणि हो, कानटोपी आणि जाड सतरंजी न्याच, पहाटे दव जाम पडतं.