परदेशी जोडीदाराबरोबर माहितीपट करताय? कॉपीराइटच्या या चुका टाळा

नोव्हेंबरात इफ्फीचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचे, दिवस आले की पणजीत माकिनेझ पॅलेसच्या आवारात कुणी ना कुणी लॅपटॉप उघडून मला आपला माहितीपट दाखवतं. चित्रण सुंदर असतं, विषय जिव्हाळ्याचा असतो, लिस्बनचा किंवा पॅरिसचा सहनिर्माताही मिळालेला असतो. मी कागद मागते. उत्तर ठरलेलं असतं: "ताई, फिल्म तयार आहे. फक्त क्लिअरन्स राहिलाय."

त्या "फक्त"ची मला धास्ती वाटते. गोव्यावरच्या माहितीपटांसाठी जुनं फुटेज, फोटो आणि ध्वनिमुद्रिका शोधायच्या आणि त्यांचे हक्क मिळवायचे, म्हणजे क्लिअरन्स करायचा, हे माझं काम. चांगल्या फिल्म केवळ कागदांपायी हार्ड डिस्कवर पडून राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. चुका दर वर्षी त्याच असतात.

"वापरायला परवानगी आहे" या एका ओळीवर विसंबणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिते.

मडगावच्या एका घरात ८ मिमीची सहा रिळं मिळाली. गोवा मुक्तीच्या आधीची दोन वर्षं आणि नंतरचं एक. घरातलं लग्न, फेस्ताची मिरवणूक, मांडवीवरची फेरीबोट, अंगणात वाळत घातलेली भिंडां, म्हणजे कोकमं. चित्रण करणारे आजोबा तेव्हा हयात होते. त्यांनी आनंदाने लिहून दिलं: "माझ्या रिळांतील दृश्ये तुमच्या चित्रपटात वापरण्यास माझी परवानगी आहे." खाली सही, तारीख. मी कागद फायलीत लावला आणि निश्चिंत झाले.

फिल्म इथे दाखवली, दोन-तीन महोत्सवांत गेली. सहा वर्षांनी पोर्तुगीज सहनिर्मात्यामार्फत एका युरोपीय वाहिनीने ती मागितली. त्यांच्या विधी विभागाने चेन ऑफ टायटल मागितलं, म्हणजे प्रत्येक तुकड्याचा हक्क मूळ मालकापासून आमच्यापर्यंत कसा आला याची कागदोपत्री साखळी. तेव्हा मी १९५७ चा कॉपीराइट कायदा पहिल्यांदा नीट वाचला. कलम १९ सांगतं की हस्तांतराच्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरायची, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरायचा. कलम ३०क मुळे हेच नियम परवान्यालाही लागतात. आमच्या कागदावर मुदत नव्हती, प्रदेश नव्हता. म्हणजे परदेशासाठी तो कधीच पुरेसा नव्हता, आणि भारतापुरताही वर्षभरापूर्वी संपला होता.

आजोबा तोवर वारले होते. आजी मडगावात, मुलगा लिस्बनला, मुलगी टोरांटोला. गोव्यात वारसाचे नियम उर्वरित देशासारखे नाहीत. पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा २०१२ च्या गोवा वारसा कायद्यात पुढे चालू आहे. विवाहाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता पती-पत्नींच्या सामाईक मालकीची असते आणि मुलांना ठरलेला हिस्सा असतो. एकट्या आजींची सही पुरेना. आधी नोटरीकडून वारसाचा दस्त, मग तिघांच्या सह्या. आजींनी त्याच दिवशी सही केली. मुलाची सही यायला चार महिने लागले. मुलीने नकार दिला. प्रश्न पैशांचा नव्हता. ती म्हणाली, "त्या रिळांत माझी आई तरुण आहे, आमचं घर आहे. ते जगभर दाखवायचं की नाही हे मला कुणी विचारलंच नाही." तिचं म्हणणं मला पटलं, आजही पटतं. आम्ही चार मिनिटं दहा सेकंद कापली. फिल्मचा प्राण तिथेच होता.

आता माझा कागद दीड पानांचा असतो. देणारा कोण आणि त्याच्याकडे हक्क कसा आला. नेमकं काय देतो, रीळ क्रमांक आणि टाइमकोडसह. प्रदेश: संपूर्ण जग. मुदत: कॉपीराइट असेपर्यंत. माध्यमं एकेक नाव घेऊन: चित्रपटगृह, महोत्सव, टीव्ही, ओटीटी, शैक्षणिक वितरण. पुढे येणाऱ्या माध्यमांचाही स्वतंत्र उल्लेख, कारण २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलम १८ प्रमाणे करार करताना अस्तित्वात नसलेलं माध्यम आपोआप करारात येत नाही. शेवटी एक ओळ अशी, की वर्षभरात वापर झाला नाही तरी हक्क परत जाणार नाही. ती नसेल तर कलम १९ प्रमाणे हस्तांतर वर्षात संपतं, आणि एका वर्षात पुरा झालेला माहितीपट मी अजून पाहिलेला नाही.

हा कागद मी समोर बसून कोंकणीत किंवा मराठीत मोठ्याने वाचून दाखवते आणि देणाऱ्याच्या पतीची वा पत्नीचीही सही घेते. मुलं परदेशी असतील तर त्याच दिवशी त्यांना फोन लावून देते. घाईतल्या तरुण फिल्मकारांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. मला नाही वाटत. ज्यांच्या घरातली माणसं आपण पडद्यावर नेतो, त्यांना एवढा वेळ द्यायलाच हवा.

"आपल्याकडे मुक्त झालंय, म्हणजे सगळीकडे मुक्त"

भारत १९२८ पासून बर्न कराराचा, म्हणजे कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, सदस्य आहे. अनेकांना वाटतं, या करारामुळे जगभर एकच मुदत लागते. तसं नाही. प्रत्येक देश परदेशी कृतीला आपल्या कायद्याने संरक्षण देतो, त्यामुळे तोच तुकडा सीमा ओलांडला की वेगळा ठरतो.

गोव्यातल्या फिल्मकारांना सगळ्यात जास्त हवं असतं ते मुक्तीचं, म्हणजे डिसेंबर १९६१ चं, फुटेज. समजा, त्याच वर्षी प्रदर्शित झालेला एक पोर्तुगीज वृत्तपट तुमच्या हाती आला. भारतात चित्रपटाची मुदत प्रकाशनानंतर ६० वर्षं, म्हणून इथे तो २०२१ अखेर मुक्त झाला. पोर्तुगालात मात्र मुदत दिग्दर्शक, लेखक, संगीतकार अशा कर्त्यांपैकी शेवटच्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं. दिग्दर्शक १९९० मध्ये वारला असेल, तर तिथे २०६० पर्यंत थांबा. पणजीत निर्धास्त दाखवाल ती फिल्म लिस्बनमध्ये दाखवताना हक्क लागतील. सहनिर्माता लिस्बनचाच असेल तर पहिली नोटीस त्याला जाईल.

ध्वनिमुद्रिकांचं गणित आणखी वेगळं. १९३५ मध्ये निघालेली ७८ आरपीएमची तबकडी घ्या. भारतात तिच्या ध्वनिमुद्रणाची मुदत केव्हाच संपली. युरोपातही तिची मुदत संपलेली आहे. अमेरिकेत २०१८ च्या कायद्याने १९२३ ते १९४६ मधल्या ध्वनिमुद्रणांना १०० वर्षं दिली, म्हणजे तिथे २०३५ अखेरपर्यंत कुलूप. आणि हे झालं फक्त ध्वनिमुद्रणाचं. गाणं पारंपरिक नसेल तर गीतकार आणि संगीतकाराचा हक्क वेगळा मोजायचा, भारतात त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं.

पणजीतच फिरून हा फरक समजून घ्या. मिनेझिस ब्रागांझा संस्थेतल्या निळ्या अझुलेजो टाइल्स पोर्तुगीज चित्रकार जॉर्ज कोलासो यांच्या, १९३५ च्या. ते १९४२ मध्ये गेले, म्हणून भारतात २००२ अखेर आणि पोर्तुगालात २०१२ अखेर मुदत संपली. मारियो मिरांडा मात्र २०११ मध्ये गेले, त्यांची चित्रं इथे २०७१ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. सार्वजनिक जागी कायमची असलेली भिंत चित्रपटात आली तर भारतीय कायद्याचं कलम ५२ सांभाळून घेतं. अमेरिकेत अशी मोकळीक इमारतींना आहे, भित्तिचित्रांना नाही. फ्रान्समध्ये २०१६ पासून आहे ती इमारती आणि शिल्पांपुरती, तीही खासगी व्यक्तींच्या बिगर-व्यावसायिक वापरालाच.

माझी सवय साधी आहे. प्रत्येक तुकड्यासमोर तीन रकाने: इथे, जोडीदाराच्या देशात, अमेरिकेत. एकही रकाना रिकामा असेल तर तो तुकडा एडिटमध्ये जात नाही.

आणि हक्क मुक्त झाला म्हणून फुटेज फुकट मिळत नाही. चांगली प्रत पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे किंवा लिस्बनजवळ बुसेलासच्या पोर्तुगीज चित्रपट संग्रहाकडे असते. स्कॅनिंगचा खर्च आणि त्यांच्या अटी वेगळ्या. बजेटमध्ये हे पहिल्या दिवसापासून धरा.

"दहा सेकंदच घेतलंय, फेअर यूज आहे"

सेकंदांचा असा कुठलाही नियम भारतात नाही, अमेरिकेतही नाही. फेअर यूज, म्हणजे परवानगीशिवाय मर्यादित वापराची मुभा, ही अमेरिकी कायद्याच्या कलम १०७ ची संकल्पना. तिथल्या माहितीपटकारांनी २००५ मध्ये एकत्र बसून आपली आचारतत्त्वं लिहिली आणि त्यानंतर विमा कंपन्या त्या आधारावर एरर्स अँड ओमिशन्स विमा, म्हणजे हक्कांच्या दाव्यांपासून संरक्षण देणारा विमा, देऊ लागल्या. त्या लोकांनी कष्टाने मिळवलेलं हे साधन आहे. आपल्याकडे फेअर डीलिंग आहे आणि ते मोजक्या कारणांपुरतं: खासगी वापर व संशोधन, टीका वा समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन. दृश्यावर तुम्ही काही भाष्य करत असाल तर बाजू मांडता येते. नुसतं वातावरण उभं करायला घेतलं असेल तर नाही. न्यूयॉर्कच्या वकिलाचं फेअर यूजबद्दलचं पत्र पणजीच्या न्यायालयात चालेल असं समजू नका.

रेडिओ बंद न करणं

तुम्हाला ही बाब किरकोळ वाटेल. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त पैसा हिच्यात गेला आहे.

सावईवेऱ्याच्या एका घरात आम्ही एका वृद्ध कीर्तनकारांची मुलाखत घेतली. दोन तास ते आईबद्दल बोलले, एकदा रडलेही. स्वयंपाकघरात रेडिओ चालू होता आणि त्यावर एक गाजलेलं हिंदी गाणं. ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुलाला ते ऐकू येत होतं, पण एवढ्या हळव्या क्षणी आजोबांना थांबवायचं कसं, म्हणून तो गप्प बसला. एडिटमध्ये गाणं आवाजापासून वेगळं करता येईना. त्या गाण्याला दोन हक्क लागतात: शब्द-सुरांचा एक, म्हणजे सिंक, आणि ध्वनिमुद्रणाचा दुसरा, म्हणजे मास्टर. भारतापुरता दर आम्हाला कसाबसा परवडला असता. जगभरासाठी सांगितलेला आकडा आमच्या अख्ख्या चित्रीकरणाच्या खर्चाहून मोठा होता. आईबद्दलचं ते बोलणं फिल्ममध्ये नाही.

जत्रेत तर कर्णेच लागलेले असतात. "देवस्थान समिती लावते ते चालतं, मग आमच्या फिल्ममध्ये का नाही?" असं मला विचारतात. धार्मिक समारंभात गाणं लावायची मोकळीक कलम ५२ देतं, पण ती त्या समारंभापुरती. तुम्ही ते ध्वनिमुद्रित करून जर्मनीत विकता, तेव्हा समारंभ संपलेला असतो. लग्नातल्या संगीताबद्दलचं गोवा सरकारचं जानेवारी २०२४ चं परिपत्रकही उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्टमध्ये रद्द केलं. परिपत्रकांवर विसंबून फिल्म करू नका.

मी घरात शिरल्यावर नमस्कार करते, पाणी पिते आणि रेडिओ, टीव्ही, मुलांचे मोबाइल बंद करायला सांगते. कॅमेरा त्यानंतर. जत्रेत कर्ण्यांपासून दूर ढोल-ताशाचा, घुमटाचा आवाज वेगळा घेऊन ठेवते, तोही वाजवणाऱ्यांची सही घेऊन.

"लोकगीत आहे, कुणाचंच नाही"

चाल परंपरेची असेल. गाणारी बाई परंपरा नव्हे, ती हाडामांसाची आहे, आणि कलम ३८ प्रमाणे तिच्या गायनावर तिचा ५० वर्षं हक्क आहे. सत्तरी तालुक्यात धालो, म्हणजे बायकांची नाचगाणी, चित्रित करायचे तर प्रत्येकीची लेखी संमती घ्या. सही येत नसेल तर वाचून दाखवून अंगठा, साक्षीदारासह. मांडोंच्या, म्हणजे गोव्यातल्या कोंकणी गीतांच्या, बाबतीत आणखी एक: "पारंपरिक" म्हणून गायल्या जाणाऱ्या अनेक मांडोंचे रचनाकार ठाऊक आहेत. त्यांच्या मृत्यूचं वर्ष शोधा.

बाकीच्या चुका थोडक्यात.

श्रेयनामावलीत नाव दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. आभार मानूनही उल्लंघन ते उल्लंघनच.

फोटोचा अल्बम ज्याच्या घरी, त्याच्याकडेच कॉपीराइट असतो असं नाही. पैसे देऊन काढून घेतलेला असेल तर वेगळ्या कराराअभावी काढून घेणारा पहिला मालक. हौसेने कुणी काढला असेल तर काढणारा.

क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे अटींवर मोफत वापरायला दिलेला, फोटो "नॉनकमर्शियल" परवान्याचा असेल तर तो वाहिनीला विकायच्या फिल्ममध्ये घालू नका.

फक्त महोत्सवांपुरता परवाना स्वस्त पडतो म्हणून घेतात, आणि विक्री ठरली की विकणारा दर ठरवतो. तुम्ही अडलेले असता. पहिल्याच करारात पुढच्या टप्प्यांचे दर लिहून घ्या.

परदेशी जोडीदाराने पाठवलेला संगीतकाराचा "सगळे हक्क एकरकमी" करार जसाच्या तसा सही करून घेऊ नका. २०१२ पासून भारतीय गीतकार-संगीतकारांना चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीत समान वाटा आहे आणि तो त्यांना सोडून देता येत नाही. क्यू शीट, म्हणजे फिल्ममध्ये कुठे कोणतं संगीत किती वेळ आहे याची यादी, पहिल्या कटपासून भरा.

आणि सहनिर्मिती करारात कोणत्या देशाचे हक्क कोण मिळवणार, त्याचा खर्च कुणाचा आणि दावा आला तर भरपाई कुणी द्यायची, हे तीन मुद्दे वेगवेगळे लिहा. भारत आणि पोर्तुगाल यांच्यात फेब्रुवारी २०२० मध्ये दृक्‌श्राव्य सहनिर्मितीचा करार झाला, तो उपयोगाचाही आहे, पण त्याने कुणाचंही फुटेज आपोआप तुमचं होत नाही. वकील दोन लागतात, एक इथला आणि एक तिथला. पैसे एकाचेच असतील तर कॅमेऱ्याची एक लेन्स कमी भाड्याने घ्या.