गावच्या इतिहासावर नाटक उभं करताना

गावकऱ्यांच्या मुलाखती आणि पडद्यावरची दृश्यफीत घेऊन नाटक करायचं असेल तर 'कोकणचा इतिहास' हा विषय घेऊ नका, तो कुठल्याच रंगमंचावर मावत नाही. एक गाव, एक घटना आणि एक घर निवडा. अलिबाग तालुक्यातलं चरी पाहा. १९३३ ते १९३९ इथल्या कुळांनी खोतांची, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची, जमीन कसायला नकार दिला आणि नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली संप टिकवला. सभा-भाषणं दाखवली की नाटक दहा मिनिटांत कोरडं पडतं. सहा वर्षं शेत पडीक असताना चूल कशी पेटली, कोणाचा धीर आधी सुटत होता, खरं नाटक इथे आहे.

आधी कागद, मग माणसं. तारखा आणि नावं हाताशी असली की मुलाखतीत नेमकं विचारता येतं. जुन्या कागदांत रायगड जिल्हा शोधाल तर हाती काही लागणार नाही. १९८१ पर्यंत जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. सिंधुदुर्गाचे जुने कागदही बरेचसे रत्नागिरीच्या नावाखाली सापडतात. खोतीची पद्धत समजायला १८८३चं कुलाबा गॅझेटियर (जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ) उपयोगी पडतं. घरातले मोडी कागद मागून नेऊ नका. तिथेच, खिडकीच्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घ्या आणि मोडी वाचणाऱ्याला दाखवा.

मुलाखत दिवाळीनंतर घ्या. पावसाळ्यात पत्र्यावरच्या सरी आवाज गिळतात, आणि ते नंतर सुधारत नाही. पंखा, फ्रिज बंद करा. माइक तोंडापासून वीतभर ठेवा, ध्वनिमुद्रणाचं सेटिंग ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट. किनाऱ्यावर माइकला केसाळ वारारोधक हवाच. फोमच्या टोपीला खारा वारा जुमानत नाही. शेवटी मिनिटभर खोलीची नुसती शांतता नोंदवा, संकलनात तुकडे जोडायला ती लागते. आवाज कुठे वापरणार ते सांगून लेखी संमती घ्या. ऐकीव गोष्ट दुसऱ्या घरातून किंवा कागदातून पडताळल्याशिवाय पडद्यावर तारीख घालू नका.

बोलीची चूक सगळ्यात जास्त होते. कोकण म्हटलं की सरसकट मालवणी! चरीच्या शेतकऱ्याच्या तोंडी आगरी हवी, संगमेश्वरकडे संगमेश्वरी. संहिता लिहून झाली की गावातल्या वयस्कर बाईला मोठ्याने वाचायला द्या. ती जिथे अडखळेल ते वाक्य बदला. नमन किंवा दशावतार या कोकणातल्या लोकनाट्यांचा बाज घ्यायचा तर तो त्या भागाचा आहे ना, ते आधी पाहा.

देवळासमोरच्या प्रयोगाला ३,००० ल्युमेन प्रकाशाचा प्रोजेक्टर असेल तर पडदा आठ-दहा फुटांचाच ठेवा. त्याहून मोठा केला की रंगमंचावरच्या दिव्यांत चित्र फिकट पडतं. पडद्याच्या खालच्या शिवणीत लोखंडी पाइप घाला, नाहीतर वाऱ्याने चेहरे हलतात. दव पडायला लागलं की यंत्रावर छप्पर हवं, पण हवा जाण्याची जाळी झाकू नका. वीज गेली तर पुढचा प्रवेश दृश्यफितीशिवाय कसा चालेल, हे तालमीतच करून बघा.