रेडिओथेरपी फिजिक्सचे प्रमुख झालात? या चुका टाळा

जुलैतली सकाळ, पावणेसातची वेळ. पाऊस लागून राहिलेला. लिनॅकच्या, म्हणजे रेडिएशन देणाऱ्या मशीनच्या खोलीतून आमच्या नव्या सहकाऱ्याचा फोन आला. ‘सर, आउटपुट सहा टक्क्यांनी कमी येतंय. पहिला पेशंट साडेसातला आहे. ॲडजस्ट करू का?’ आउटपुट म्हणजे मशीनमधून प्रत्यक्ष बाहेर पडणारा डोस. मी म्हटलं, कशालाच हात लावू नकोस, मी निघालोच.

पोचलो तर मांडणी चोख होती. फँटम (मोजमापासाठीची पाण्याची टाकी), बीमचं १० बाय १०चं फील्ड, पाण्यात चेंबर (डोस मोजणारं उपकरण) किती खोल आहे ते, व्होल्टेज, सगळं जागच्या जागी. वहीत हवेचा दाब लिहिला होता १००८ मिलिबार. बॅरोमीटरची बॅटरी रात्रीतून संपली होती, म्हणून त्यानं तो फोनवरच्या हवामानाच्या ॲपमधून घेतला होता.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचावर आहे. इथं खोलीतला खरा दाब ९४५ ते ९५० मिलिबारच्या आसपास भरतो. ॲप सांगतं किंवा उजळाईवाडीचा विमानतळ वैमानिकांना कळवतो तो दाब समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो. आपलं चेंबर हवेला उघडं असतं. दाब कमी म्हणजे आतली हवा विरळ, म्हणजे रेडिएशननं तिच्यात तयार होणारा चार्ज कमी, आणि ती तूट खऱ्या दाबानंच भरून काढावी लागते. ॲपमधला आकडा घातला की इथं डोस सुमारे सहा टक्के कमी दिसतो. मशीन ठणठणीत होतं. त्या सकाळी आउटपुट ‘दुरुस्त’ केलं असतं, तर तोंडाच्या कॅन्सरच्या ज्या रुग्णाला सात आठवड्यांत ७० ग्रे (ग्रे म्हणजे डोसचं एकक) द्यायचे ठरले होते त्याला ७४च्या वर गेले असते. आणि कागदावर सगळं बरोबरच दिसलं असतं.

मुलगा हुशार आहे. फोनवरचा दाब त्यानं घेतला, पण तो घेण्याची वेळ माझ्यामुळे आली. दुसरा बॅरोमीटर ठेवणं आणि ‘दाब ९३५ ते ९६०च्या बाहेर आला तर थांबा’ असं शीटवर छापून घेणं माझं काम होतं. दोन्ही राहून गेलं होतं. आमच्याकडे एकच नियम धडधाकट होता, की आउटपुट एकट्यानं बदलायचं नाही. त्या नियमामुळे फोन आला. बारा-पंधरा वर्षं ही टीम सांभाळताना मला सगळ्यात महत्त्वाचं वाटत आलंय ते हेच: दुसऱ्या माणसाची नजर खरोखर चालू आहे की नुसती कागदावर आहे, हे प्रमुखानं रोज पाहिलं पाहिजे. खालच्या बहुतेक चुका तिथूनच निघतात.

मशीनवर आधी संशय घेऊ नका

आकडा रातोरात बदलला, तर आधी मोजमाप तपासा. रोजच्या तपासणीचं उपकरण काय म्हणतंय? ते नेहमीसारखं असेल आणि चेंबरच वेगळं बोलत असेल, तर गडबड बहुधा चेंबरच्या बाजूला आहे. अंतर आणि चेंबरची पाण्यातली खोली पुन्हा लावा. कॅलिब्रेशन फॅक्टर (चार्जवरून डोस काढायचा गुणक) त्याच चेंबरचा घातलाय ना, ते सर्टिफिकेटवरच्या नंबरशी जुळवून बघा. तापमान पाण्याचं घ्या, खोलीतल्या हवेचं घेऊ नका. नळाचं पाणी भरून लगेच मोजायला बसलात तर पाणी आणि खोली यांच्यात पाच-सहा अंशांचा फरक सहज असतो, आणि तीन अंशांची चूक म्हणजे डोसमध्ये एक टक्का. आम्ही फँटम आदल्या संध्याकाळी भरून ठेवतो.

पावसाळ्यात आणखी एक दुखणं असतं. कनेक्टरला ओल धरते आणि बीम न देताही इलेक्ट्रोमीटरचा, म्हणजे चार्ज मोजणाऱ्या मीटरचा आकडा सरकत राहतो. मोजायला सुरुवात करण्याआधी दोन मिनिटं लीकेज पाहा. केबल आणि चेंबर सिलिका जेलच्या डब्यात ठेवा आणि जेलचा रंग बदलला की ते बदला. साधी गोष्ट आहे, पण जून ते सप्टेंबर तिनं आमचा बराच वेळ वाचवलाय.

एवढं करूनही फरक राहिला तर दुसरं चेंबर लावा. दोन वेगळी उपकरणं एकच गोष्ट सांगत असतील तेव्हाच मशीनकडे वळायचं, आणि दोघांच्या सह्यांशिवाय ॲडजस्टमेंट करायची नाही. अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्टांच्या संघटनेच्या टीजी-१४२ अहवालात रोजच्या आउटपुटसाठी ३ टक्के आणि मासिक मोजमापासाठी २ टक्के अशी मर्यादा आहे. ती ओलांडली की उपचार कोण थांबवणार, हे नाव घालून लिहून ठेवा. माझ्या टीममध्ये तो अधिकार सगळ्यात नव्या फिजिसिस्टलाही आहे.

विभागातली दोन्ही उपकरणं एकाच चुकीच्या आकड्यावर बेतलेली असू शकतात, म्हणून बाहेरची तपासणी कधी चुकवू नका. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांची टपालानं डोस तपासण्याची सेवा १९६९पासून चालू आहे. तिथं मोजलेला डोस आपण कळवलेल्या डोसच्या ५ टक्क्यांच्या आत असावा लागतो.

दुसरी सही म्हणजे दुसरा हिशेब

उपचाराचा प्लॅन एकानं करायचा आणि दुसऱ्यानं तपासायचा, ही पद्धत सगळीकडे असते. बिघडते कशी, तर तपासणारा आधीच्याचा आकडा समोर ठेवून बघतो. समोर दिसणारा आकडा बरोबरच वाटतो. त्यातून प्लॅन करणारा सीनियर असला, तर ज्युनियर मान खाली घालून सही करतो.

इंग्लंडमध्ये स्टोक-ऑन-ट्रेंटच्या रुग्णालयात १९८२ साली उपचारांचं नियोजन करणारी नवी संगणकप्रणाली आली. मशीन आणि रुग्ण यांच्यातल्या अंतरासाठी करायची डोसची दुरुस्ती ती स्वतःच करत होती. फिजिक्स विभाग मात्र जुन्या सवयीनं तीच दुरुस्ती हातानंही करत राहिला. पुढची प्रणाली बसवली तेव्हा, १९९१मध्ये, हे उघडकीला आलं. मधल्या नऊ वर्षांत हजाराहून अधिक रुग्णांना ठरल्यापेक्षा कमी डोस मिळाला होता. तिथंही कागद तपासले जात असणारच. पण ज्याच्याकडे ती सवय नाही अशा माणसानं कोऱ्या कागदावर हिशेब मांडला असता, तर ते किती लवकर सापडलं असतं, हा विचार मला सोडत नाही.

आमच्याकडे तपासणारा मॉनिटर युनिटचा (मशीननं किती रेडिएशन सोडायचं त्या मापाचा) आपला आकडा वेगळ्या सॉफ्टवेअरवर काढून वहीत लिहितो आणि मगच मूळ प्लॅन उघडतो. सुरुवात करतो डॉक्टरांच्या प्रिस्क्रिप्शनपासून: बाजू डावी की उजवी, किती ग्रे, किती फ्रॅक्शन (बैठका), कुठल्या तारखेचा सीटी. आणि याआधी कधी रेडिएशन झालंय का, हे तो रुग्णाच्या घरच्यांना पुन्हा विचारून घेतो. आपल्या भागात आधीचा उपचार मिरजेला किंवा बेळगावला झालेला असतो आणि त्याचे कागद घरी ट्रंकेत असतात. ‘फाइलमध्ये काही नाही’ याचा अर्थ ‘झालेलं नाही’ असा होत नाही.

नावाचंही तसंच. सकाळच्या यादीत पाटील आडनावाचे सात-आठ जण सहज असतात. ‘तुम्ही अमुक पाटील ना मामा?’ असं विचारलं की मामा ‘व्हय’ म्हणतात. ऐकू आलेलं नसलं तरी म्हणतात, कारण डॉक्टरला नाही कसं म्हणायचं? नाव आणि गाव रुग्णाच्या तोंडून वदवून घ्यायचं, आपण सुचवायचं नाही. टेक्नॉलॉजिस्ट हे मनापासून पाळतील, फक्त प्रमुखानं महिन्यातून एकदा कन्सोलजवळ शांत उभं राहून ऐकावं.

‘पास’ होईपर्यंत मोजू नका

आयएमआरटीच्या (डोस गाठीच्या आकारात बसवणाऱ्या उपचाराच्या) प्लॅनची तपासणी केली आणि गॅमा, म्हणजे मोजलेला डोस प्लॅनशी जुळणाऱ्या बिंदूंचं प्रमाण, ९३.८ टक्के आला. संध्याकाळचे सात वाजलेत, उपचार उद्या सुरू व्हायचेत. मग डिटेक्टर एक मिलिमीटर सरकवला जातो. तरी जमलं नाही तर डोसमध्ये आणि जागेत किती फरक चालेल त्याचा ३ टक्के-२ मिलिमीटरचा निकष ३-३ केला जातो. ९६ आले, प्रिंट काढली, फाइल बंद. हे ज्यानं केलं तो आळशी नसतो, दमलेला असतो. पण अशा फाइलमधून पुढच्या माणसाला काहीच कळत नाही.

त्याच संघटनेच्या टीजी-२१८ अहवालात ३ टक्के-२ मिलिमीटरला ९५ टक्क्यांची मर्यादा आहे आणि ९०च्या खाली आलं तर थांबून कारण शोधायचं. मधल्या पट्ट्यात आलं तर मी एवढंच सांगतो: पहिला आकडा खोडू नका, तो फाइलमध्ये राहू द्या. मग पाहा की त्या दिवशीचं आउटपुट किती होतं, डिटेक्टर उलटा तर लागला नाही ना, प्लॅन हाच होता ना. फेल झालेले बिंदू कुठे जमलेत? कडेला रांगेनं असतील तर मांडणी किंवा एमएलसीच्या (बीमला आकार देणाऱ्या भागाच्या) पानांची जागा बघा. सगळीकडे सारखे असतील तर आउटपुट. आणि प्लॅनच बारक्या बारक्या सेगमेंटचा (बीमच्या तुकड्यांचा) असेल, तर तो पुन्हा करून मागा. मांडणीची चूक सापडली तर ती लिहून ठेवून मग परत मोजा.

दुरुस्तीनंतरची घाई

मशीन दोन दिवस बंद. चंदगडहून, गगनबावड्याहून पहाटेची एसटी धरून आलेली माणसं बाहेर बाकावर बसलेली. इंजिनीअर म्हणतो, झालं. व्यवस्थापनाकडून तिसरा फोन येतो. अशा वेळी ‘एक पेशंट घेऊन बघू’ हे वाक्य कुणाच्या तरी तोंडून येतंच.

स्पेनमधल्या झारागोझामध्ये डिसेंबर १९९०ला दुरुस्तीनंतर लिनॅक थेट उपचारांना लावला गेला. फिजिक्स विभागाला कळवलंच नव्हतं. इलेक्ट्रॉनची कुठलीही ऊर्जा निवडली तरी पॅनेलवरचा काटा ३६ एमईव्हीवर दिसत होता. काटा अडकलाय, असं सगळ्यांनी धरून चाललं. काटा खरं तेच सांगत होता. सत्तावीस रुग्णांना त्याची झळ बसली.

इंजिनीअरनं काय बदललं, हे त्याच्या हातानं लिहून घ्या. त्यावरून काय मोजायचं ते ठरतं. मॅग्नेट्रॉन बदलला असेल तर आउटपुट, ऊर्जा, फ्लॅटनेस, सिमेट्री (बीम सगळीकडे सारखा आहे ना). एमएलसीची मोटर बदलली असेल तर पानांची जागा. मशीनमध्येच बसवलेल्या, डोस मोजणाऱ्या मॉनिटर चेंबरला हात लागला असेल तर मी अर्धा दिवस मागतो आणि घेतो. बंद केलेले सुरक्षेचे इंटरलॉक पूर्ववत झालेत, हे मी स्वतः दार उघडून बीम तुटतो का ते पाहून ठरवतो. आणि बाहेर जाऊन रुग्णांना उशिराचं कारण मीच सांगतो. माणसं समजून घेतात. एक मावशी म्हणाल्या, ‘नीट बगूनच लावा बाबा, आमी बसतो.’ त्या दिवसापासून व्यवस्थापनाच्या फोनची मला धास्ती वाटत नाही.

पावसाळ्याचं वेळापत्रक मे महिन्यातच

२०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पंचगंगेच्या पुरानं शिरोलीजवळ महामार्ग बंद पाडला. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. आमच्या विभागात पावसाळ्यात हे आकडे फळ्यावर लिहिलेले असतात, कारण पाणी इशारा पातळीला आलं की कोणाचे उपचार खंडित होऊ शकतात हे लगेच पाहावं लागतं. तोंड, घसा आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये खंड पडणं महागात पडतं. गर्भाशयमुखाचा सगळा उपचार आठ आठवड्यांत आटोपायचा असतो. या रुग्णांची गावनिहाय यादी आधीच तयार ठेवा, शहरात राहण्याची सोय कुणाची होऊ शकते ते समाजसेवा विभागाकडून विचारून घ्या, आणि चुकलेल्या फ्रॅक्शनच्या भरपाईचं गणित डॉक्टरांबरोबर आधी बसून ठरवा. दिवसात दोन फ्रॅक्शन द्यायची तर मधे निदान सहा तास हवेत, म्हणजे टेक्नॉलॉजिस्टच्या पाळ्यांचाही प्रश्न येतो. तो पुराच्या दिवशी सुटत नाही.

शरीराच्या आतून रेडिएशन देण्यासाठीचा इरिडियमचा सोर्सही याच हिशेबात धरा. त्याचा अर्धायुकाल ७४ दिवसांचा, म्हणजे रोज साधारण एक टक्का घट. नवा सोर्स जुलै-ऑगस्टात यायचा असेल आणि अडकला, तर चार महिने जुन्या सोर्सवर दहा मिनिटांची ट्रीटमेंट अर्ध्या तासावर जाते, आणि तेवढा वेळ गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या रुग्ण बाईला ॲप्लिकेटर (सोर्स आत नेणारी नळी) घालून निश्चल पडून राहावं लागतं. आम्ही ऑर्डर अशी लावतो की बदली जूनच्या पहिल्या पंधरवड्यात होईल.

चूक सांगायला आलेल्या माणसाला पहिलं वाक्य काय ऐकू येतं?

एकदा आमची एक सहकारी दुपारी केबिनच्या दारात येऊन उभी राहिली. तिनं जुन्या सीटीवर प्लॅन केला होता, उपचार सुरू व्हायच्या आधी तिच्याच लक्षात आलं होतं. बऱ्याच दिवसांपूर्वी अशाच प्रसंगी मी एकावर सगळ्यांसमोर चिडलो होतो. त्यानंतर वर्षभर मला कुणी काही सांगितलं नाही. ते शांत वर्ष मी चांगलं समजत होतो, याचं मला आजही वाईट वाटतं. या वेळी मी म्हटलं, ‘बरं झालं सांगितलंस. बस, लिहून काढू.’ नोंदवहीत नाव घातलं नाही, घटना घातली. सीटीच्या फाइलला तारखेसकट नाव द्यायची पद्धत त्याच आठवड्यात सुरू झाली, तीही तिनंच सुचवली.

रजा घ्या

कमिशनिंगचा (मशीन सुरू करतानाच्या मोजमापांचा) डेटा प्रमुखाच्या लॅपटॉपमध्ये, ब्रॅकीथेरपी (इरिडियमच्या सोर्सचा उपचार) एकालाच येते, एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) पोर्टलवरची कामं एकाच्याच हातात: छोट्या शहरातल्या टीमची ही नेहमीची स्थिती. मुलं दोन-तीन वर्षांत पुण्या-मुंबईला जातात, हे धरूनच चाला. मी वर्षातून एक आठवडा रजेवर जातो, फोन चालू ठेवतो, आणि आलेला प्रत्येक फोन लिहून ठेवतो. ज्या कामासाठी फोन आला ते काम आमच्याकडे लिहिलेलं नाही, असं समजायचं. पहिल्या वेळी सगळ्यात जास्त फोन ब्रॅकीथेरपीच्या दिवशी आले, म्हणून पहिली वही तिची लिहिली. दुसरी बॅरोमीटरची. त्यात पहिल्याच पानावर आमच्या खोलीचा दाब आहे, तारीखवार, गेल्या तीन पावसाळ्यांचा.