डी-स्टार गेटवे लिहिताय? जिटर बफर आणि टाइमआउट आधी

डी-स्टार ही हौशी रेडिओची डिजिटल आवाज-पद्धत, आणि गेटवे म्हणजे तिला इंटरनेटशी जोडणारा प्रोग्राम. इंटरनेटवरून आलेलं पॅकेट जसंच्या तसं मोडेमकडे, म्हणजे रेडिओला जोडलेल्या उपकरणाकडे, ढकलू नका. रेडिओला दर 20 मिलिसेकंदांनी एक व्हॉइस फ्रेम (आवाजाचा छोटा तुकडा) लागते. यूडीपी, म्हणजे ही पॅकेट्स ज्या साध्या पद्धतीने इंटरनेटवरून येतात ती, ना वेळेची हमी देत, ना क्रमाची. मध्ये छोटा जिटर बफर (मागेपुढे येणाऱ्या फ्रेम साठवून ठरल्या वेळी सोडणारी जागा) ठेवा, पाच-सहा फ्रेम साठल्या की मगच प्रसारण सुरू करा. फ्रेमचे क्रमांक 0 ते 20 असे फिरतात, 20 नंतर पुन्हा 0. नुसतं 'मोठा की लहान' तपासलंत, तर दर 420 मिलिसेकंदांनी आवाज तुटेल. फ्रेम आलीच नाही, तर तिच्या जागी शांततेची फ्रेम भरा.

आणि शेवटची फ्रेमच हरवली तर? ट्रान्समीटर चालूच राहतो, रिपीटर (सिग्नल पुढे पाठवणारं सामायिक केंद्र) सगळ्यांसाठी अडतो. म्हणून टाइमआउट हवाच: ठरावीक वेळ फ्रेम आली नाही, की प्रसारण बंद. मी तो सगळ्यात आधी लिहितो. मोजायला मोनोटॉनिक (फक्त पुढेच सरकणारं, मध्येच न बदलणारं) घड्याळ घ्या, कारण रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या जुन्या मॉडेलमध्ये बॅटरीवरचं घड्याळ नसतं आणि एनटीपीने (इंटरनेटवरून घड्याळ लावणारी सेवा) वेळ जुळताच घड्याळ एकदम उडी मारतं.

चाचणीसाठी खरी पॅकेट्स फाइलमध्ये साठवा, त्यातली काही मुद्दाम गाळून, क्रम बिघडवून परत चालवा. तेव्हा अँटेनाऐवजी डमी लोड (सिग्नल बाहेर न सोडता शक्ती शोषून घेणारा भाग) लावा.